‘नाझिया’ लिहिलेली जुनी भरलेली कॅसेट सापडली तर काय करायचं

माळ्यावरच्या पेटीतून एखादी कॅसेट निघाली आणि तिच्यावर बॉलपेननं ‘नाझिया’, ‘डिस्को’ किंवा ‘कुर्बानी + डिस्को’ असं काही लिहिलेलं दिसलं, तर हाताशी असलेल्या टेपमध्ये ती लगेच घालू नका. आतलं रीळ तीस-चाळीस वर्षं फिरलेलं नसतं. आणि ती कंपनीची नसून रेकॉर्डिंगच्या दुकानातून भरून घेतलेली असेल, तर तशी दुसरी जगात कुठंच नाही.

नाझिया म्हणजे नाझिया हसन, कराचीची गायिका. तिचा ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम १९८१ साली आला. आपल्याकडं तो एचएमव्हीनं काढला, म्हणजे आजच्या सारेगामानं. तो हरवलेला नाही, फोनवर एका मिनिटात वाजतो. पण परभणीत, जिंतुरात, कंधारला तो कुणी ऐकला, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर ऐकला, हे कंपनीच्या कागदावर नाही. ते या भरलेल्या कॅसेटींवर आहे, आणि या कॅसेटी दर दिवाळीच्या साफसफाईत भंगारात जातात. म्हणून हे लिहायला घेतलं.

माझ्या मामांचं परभणीत रेडिओ-टेप दुरुस्तीचं आणि कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथं बसायचो. पुढं तेच काम माझ्या हाती आलं, आणि आता लोकांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतो. खाली सांगतो ते सगळं त्या बाकड्यावर शिकलेलं आहे.

टेपमध्ये घालण्याआधी

सगळ्यात आधी कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बाजूंना असलेले प्लास्टिकचे छोटे तुकडे बघा. कंपनीच्या कॅसेटीला ते मुळातच नसतात. भरलेल्या कॅसेटीला बहुतेक वेळा शाबूत असतात. ते दोन्ही तोडून टाका. त्यानंतर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी ते दबणार नाही.

मग कॅसेट उजेडाकडं धरून खिडकीतून रीळ बघा. पांढरी भुकटी किंवा बुरशीचे ठिपके दिसले तर तोंडाला मास्क लावा आणि ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रात, कधीच घालू नका. मराठवाड्याची हवा कोरडी, त्यामुळं कोकणातल्यासारखी बुरशी इथं फार दिसत नाही. आपल्याकडचा शत्रू ऊन. पत्र्याखाली मे महिना काढलेल्या कॅसेटीचं कवच वाकतं आणि रीळ आत घासत फिरतं. कवच वाकलेलं असेल तर रीळ काढून दुसऱ्या कवचात घालावं लागतं. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर हे काम सोपं. चिकटवलेली असेल तर शिवणीवरून ब्लेड हळूहळू फिरवून उघडा, आणि स्क्रूवाली एखादी नको असलेली कॅसेट शोधून तिच्या पोटात हे रीळ बसवा. मूळ कवच मात्र टाकायचं नाही. त्यावर अक्षर आहे.

खालच्या कडेला मधोमध पितळी पट्टीवर नमद्याचा छोटा तुकडा असतो. तो रिळाला हेडवर, म्हणजे रिळावरचा आवाज उचलणाऱ्या भागावर, दाबून धरतो. जुन्या कॅसेटीत त्याचा डिंक सुकून तो गळून पडलेला असतो. मग आवाज येतो, पण दबलेला, मधूनच गायब होणारा. लोक म्हणतात कॅसेट खराब झाली. कॅसेट चांगलीच असते. दुसऱ्या कॅसेटीतून पट्टीसकट नमदा काढून बसवला की आवाज परत येतो.

रीळ तुटलं असेल तर दोन्ही टोकं एकावर एक ठेवून तिरकी कापा, टोकाला टोक भिडवा आणि मागून चिकटवा. हेडला लागणारी बाजू बाहेरची, चिकटपट्टी नेहमी आतल्या बाजूला. घरातली साधी सेलोटेप वापरू नका. उन्हाळ्यात तिचा गोंद सुटतो आणि शेजारच्या वेढ्यांना लागतो. कॅसेट जोडायची खास पट्टी ३.८ मिलिमीटर रुंदीची मिळते, रिळाच्या रुंदीइतकीच.

नंतर नटराजच्या षटकोनी पेन्सिलीनं चाक फिरवून बघा. हाताला अडथळा लागला नाही, तरच डेकमध्ये घाला. आणि घातल्यावरही आधी वाजवू नका. एकदा शेवटपर्यंत पुढं, एकदा पूर्ण मागं फिरवा. वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून बसलेले वेढे सुटतात, ताण सारखा होतो.

९० मिनिटांची कॅसेट असेल तर हात आणखी हलका ठेवा, तिचं रीळ ६० मिनिटांच्या कॅसेटपेक्षा बरंच पातळ असतं. आमच्याकडं गिऱ्हाईक हटकून ‘नव्वदची द्या’ म्हणायचं, जास्त गाणी बसतात म्हणून. मामा साठचीच घ्या म्हणून विनवायचे. आज कपाटातून धडधाकट निघतात त्या साठच्याच.

डेक

छत्रपती संभाजीनगरला जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुने डेक अजून येतात. दोन-तीन बंद डेक घेतले की सुट्या भागांतून एक चालू होतो. छोटा टू-इन-वन घेऊ नका, मग तो कुणाच्या चुलत्यानं दुबईहून आणलेला नॅशनल पॅनासॉनिक का असेना. ऐकायला छान, उतरवून घ्यायला नाही. मागं ‘लाइन आउट’, म्हणजे आवाज वायरनं बाहेर काढायचं भोक, असलेला मोठा डेक हवा.

डेक उघडलात की आधी रबरी पट्टा, म्हणजे बेल्ट बघा. जुना बेल्ट बऱ्याचदा डांबरासारखा वितळून पुलीला लागलेला असतो. तो सगळा पुसून नवीन घाला. हेड आणि कॅप्स्टनचा स्टीलचा दांडा ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, कापसाच्या काडीनं पुसा. दवाखान्यातलं स्पिरिट चालत नाही, त्यात पाणी असतं. रबरी रोलरला मात्र भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकलेलं पाणी पुरे. अल्कोहोलनं जुनं रबर कडक होऊन तडकतं.

वेग तपासायचा. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर पळाली पाहिजे. ३००० किंवा ३१५० हर्ट्झचा सूर भरलेली चाचणी कॅसेट मिळते. फोनवरच्या सूर मोजणाऱ्या ॲपसमोर ती वाजवा आणि मोटरच्या पाठीमागच्या भोकातला स्क्रू नखभर फिरवून आकडा जुळवा.

आता अझिमथ. भरलेल्या कॅसेटीच्या बाबतीत सगळ्यात जास्त फरक यानंच पडतो, आणि हेच कुणी करत नाही. हेडच्या बाजूला स्प्रिंग घातलेला एक छोटा स्क्रू असतो, हेड किती तिरकं बसेल हे तो ठरवतो. तुमची कॅसेट ज्या दुकानातल्या डेकवर भरली गेली, त्याचं हेड जसं तिरकं होतं तसंच तुमचं झालं, तरच वरचे सूर पूर्ण ऐकू येतात. कॅसेट वाजवत ठेवा, दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून, म्हणजे मोनोमध्ये, हेडफोनवर ऐका, आणि स्क्रू अगदी थोडा-थोडा फिरवा. एका जागी पडदा बाजूला झाल्यासारखा आवाज मोकळा होतो. ‘स’ आणि ‘श’ स्वच्छ ऐकू येऊ लागतात, झांजेची चुटचुट येते. तिथं थांबा. पुढच्या कॅसेटीला हे पुन्हा करायचं, आणि दुसऱ्या बाजूलाही पुन्हा.

उतरवून घेणं

डेकच्या लाइन आउटमधून वायर काढून लॅपटॉपच्या लाइन इनला किंवा बाहेरून जोडायच्या साउंड कार्डला द्या. माइकच्या भोकात नको. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा, गूंऽऽ असा आवाज बऱ्याचदा तेवढ्यानंच जातो. ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. त्यात रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, फाइल डब्ल्यूएव्ही. सगळ्यात मोठ्या आवाजाला काटा उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. साठची कॅसेट साधारण १ जीबी जागा घेते. डेकवरचं डॉल्बीचं, म्हणजे खरखर कमी करायचं, बटण बंद ठेवा, दुकानात भरलेल्या कॅसेटी बहुतेक त्याविनाच भरलेल्या असतात.

बटण दाबल्यापासून रीळ संपेपर्यंत सगळं उतरवा. गाण्यांमधली रिकामी जागा, बटणाचा ‘खट्ट’, गाणं अर्ध्यात तुटून दुसरं सुरू झालं ती जागा, काहीच कापू नका. खरखर घालवायचा फिल्टर या फाइलवर लावायचा नाही. ऐकण्यासाठी साफ केलेली प्रत हवी असेल तर तिची वेगळी फाइल करा. मला येऊन लोक म्हणतात, ‘भाऊ, एकदम स्वच्छ करून द्या.’ त्यांना मी दोन्ही देतो आणि सांगतो, की स्वच्छ आवाज तर फोनवर आहेच. या कॅसेटीवर जे आहे ते त्या खरखरीसकटच आहे.

मूळ अल्बम शेजारी ठेवून ऐका

आता मूळ अल्बम हेडफोन लावून ऐका आणि मग तेच गाणं तुमच्या कॅसेटीवरचं. त्यासाठी हा अल्बम झाला कसा, हे थोडं माहीत असलं पाहिजे.

सुरुवात ‘कुर्बानी’पासून होते. १९८० चा पिच्चर, फिरोझ खानचा. संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण ‘आप जैसा कोई’ हे एक गाणं बिड्डूचं. बिड्डू मूळचा बंगळुरूचा, तरुणपणी इंग्लंडला गेला आणि तिथं संगीत-निर्माता झाला. १९७४ साली त्यानं कार्ल डग्लसकडून गाऊन घेतलेलं ‘कुंग फू फायटिंग’ ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडं पहिल्या क्रमांकावर गेलं. १९७६ मध्ये टीना चार्ल्सचं ‘आय लव्ह टू लव्ह’ ब्रिटनमध्ये पहिलं आलं, तेही त्याचंच. म्हणजे डिस्को जिथं तयार होत होता, त्या कारखान्यातला हा माणूस. फिरोझ खानला इंग्लंडमध्ये एका पार्टीत नाझिया हसन ही कराचीची मुलगी भेटली, त्यानं तिला बिड्डूकडं आवाजाच्या चाचणीला पाठवलं. गाणं लंडनमध्ये रेकॉर्ड झालं, पडद्यावर झीनत अमान. पिच्चर आला तेव्हा नाझिया १५ वर्षांची. या गाण्यासाठी तिला फिल्मफेअर मिळालं.

मग बिड्डूनं नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांना घेऊन आख्खा अल्बम केला. पिच्चर नाही, हिरो नाही, नुसती गाणी.

त्या काळी मुंबईच्या स्टुडिओत पिच्चरचं गाणं म्हणजे सगळे वादक आणि गायक एका वेळी बसून वाजवायचे, एकाचं चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. बिड्डू ज्या पद्धतीत वाढला ती वेगळी. आधी ड्रम आणि बेस, मग त्यावर गिटार, सिंथेसायझर, व्हायोलिनं, एकेक थर वेगळ्या ट्रॅकवर, आणि आवाज शेवटी. आवाजही एकदाच नाही. नाझियाचा तोच आवाज पुन्हा गाऊन घेऊन पहिल्यावर बसवायचा. मूळ अल्बममधलं शीर्षकगीत ऐकताना नीट कान द्या: मुलगी एकटी गातेय, पण आवाजाला कडेनं सावली आहे. पातळ, सरळ, हरकत-मुरकी नसलेला आवाज त्यामुळंच एवढ्या वाद्यांवर तरंगतो. लताबाई-आशाबाईंच्या गळ्यावर वाढलेल्या कानांना हा आवाज कच्चा वाटला, आणि मुलींना तो आपल्या वर्गातल्या मुलीसारखा वाटला. दोन्ही खरं होतं. मला विचाराल तर अल्बमचं यश त्या कच्चेपणात आहे. एखाद्या तयार गायिकेनं हीच गाणी गायली असती तर ती पिच्चरची गाणी झाली असती.

खाली ठोका ऐका. डिस्कोचा मोठा ड्रम मात्रेमात्रेवर पडतो, चारही. दोन ठोक्यांच्या मध्ये झांज उघडते, ‘च्स’ करून. बेस खालच्या-वरच्या सप्तकात उड्या मारतो. नाचणाऱ्याचे पाय यावर चालतात.

आता तुमची कॅसेट लावा. ठोका कुठं गेला?

बऱ्याच कॅसेटींवर तो जवळजवळ नसतो. एलपीवरून कॅसेट, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. दर नकलेला खरखर वाढते आणि दोन्ही टोकं झिजतात, झांज वरून जाते, बेस खालून. शिवाय हे गाणं वाजायचं कशावर? टू-इन-वनच्या तळहाताएवढ्या स्पीकरवर, चहाच्या हॉटेलात, आणि गणपतीत, उरुसात, लग्नात भोंग्यावर. भोंगा खालचे सूर मुळी वाजवतच नाही, ढोबळमानानं ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळून पडतं. न्यूयॉर्क-लंडनचा डिस्को लोकांना आधी छातीत जाणवला असेल. परभणीच्या गांधी पार्कात तो भोंग्यातून आला, फक्त नाझियाचा आवाज आणि सिंथेसायझरची ती चमकणारी ओळ घेऊन. ठोका आमच्या लोकांनी स्वतः भरला. चार मात्रांचा तो चालता ठोका केरव्यात अगदी सहज बसतो, ढोलकीवाल्यांनी त्यावर केरवा धरला, बँडवाल्यांनी क्लॅरिनेटवर नाझियाची ओळ घेतली. कुणाच्या लग्नाच्या कॅसेटीवर हे सापडलं तर ते सोन्याच्या मोलाचं समजा आणि सगळ्यात आधी उतरवा.

वेगही ताडून बघा. मूळ गाणं ४ मिनिटांचं, म्हणजे २४० सेकंदांचं असेल आणि तुमच्या कॅसेटीवर ते २३२ सेकंदांत संपत असेल, तर कॅसेट ३.४ टक्के पळतेय. सुरांत सांगायचं तर अर्ध्या पट्टीपेक्षा थोडं जास्त वर. ऐकण्याच्या प्रतीत वेग ०.९६७ पट करा, मूळ फाइल तशीच ठेवा. आणि हा आकडा वहीत लिहा. एकाच गावच्या तीन कॅसेटी सारख्याच पळत असतील तर त्या एकाच दुकानातल्या एकाच डेकवर भरलेल्या असण्याची शक्यता मोठी. अशा जोड्या जुळल्या की गावातलं कोणतं दुकान कुणाला गाणी पुरवत होतं, त्याचा माग लागतो.

कॅसेट वाचायची कशी

कधी भरली ते आधी ठरवा. कॅसेटीवरचं सगळ्यात नवं गाणं शोधा. त्याच्या आधी ती भरली गेलेली नाही, एवढं नक्की. ‘कुर्बानी’ आणि ‘कर्ज’ १९८० चे. ‘डिस्को डान्सर’ १९८२ चा. नाझिया-झोहेबचा पुढचा ‘बूम बूम’ही १९८२ चा, तीच गाणी ‘स्टार’ या पिच्चरात आली. ‘यंग तरंग’ १९८४ चा. कोऱ्या कॅसेटीवर टी-सीरिज असेल तर ती ८३ च्या आधीची नाही.

मग लेबल. दुकानातल्या आमच्या वहीत गाणी पिच्चरच्या नावानं लिहिलेली असायची, गिऱ्हाईकही तसंच मागायचं. ‘डिस्को दीवाने’ वाजलं की हमखास प्रश्न यायचा, ‘कोणत्या पिच्चरचं हाय हे?’ कोणत्याच नाही म्हटलं तर लोकांना पटायचं नाही. म्हणून लेबलांवर हे गाणं कधी ‘कुर्बानी’खाली, कधी मिथुनच्या पिच्चरखाली लिहिलेलं सापडतं. हे चुकीचं आहे म्हणून खोडू नका. गाण्याला पिच्चर नसणं ही गोष्टच नवी होती, आणि लोकांनी तिला कुठं जागा दिली ते या लेबलावर दिसतं.

लिपी बघा. एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी, अशा कॅसेटी आमच्याकडं पुष्कळ निघतात. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता, शाळा-कचेऱ्या उर्दूत. ८१ साली गावोगाव अशी हिंदू-मुसलमान म्हातारी माणसं होती जी उर्दू वाचायची, आणि बाजारात सगळेच दखनी, म्हणजे इकडची बोली उर्दू, बोलायचे. कराचीच्या मुलीचे उर्दू शब्द इथं कुणाला समजावून सांगावे लागले नाहीत. ‘हौ, वो नाझिया का डालो, नवा आया सो’ म्हणत पोरं यायची. पाकिस्तानची म्हणून तिला कुणी नको म्हटलेलं माझ्या कानावर आलं नाही. तिकडं तेव्हा झिया-उल-हकची लष्करी राजवट होती, आणि अमेरिकेत १९७९ च्या जुलैत शिकागोच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोट करून उडवला होता. म्हणजे जिथं डिस्को जन्मला तिथं त्याला हाकलत होते, त्याच सुमाराला तो आमच्या स्टेशन रोडवर येऊन पोचत होता.

शेवटी क्रम, आणि दुसऱ्या बाजूला काय आहे ते. क्रम कधीही बदलू नका. माझ्याकडं आलेल्या एका कॅसेटीवर पहिल्या बाजूला नाझिया आहे आणि दुसऱ्या बाजूला भीमगीतं. एकाच घरात, एकाच टेपवर, १४ एप्रिलला ही बाजू आणि एरवी ती. दुसऱ्या एकीवर ‘आओ ना’ संपल्या-संपल्या कव्वाली सुरू होते. गाणी कुणी कशाशेजारी ठेवली, हे त्या माणसाचं मत आहे, आणि तेव्हा त्याला कुणी विचारलं नव्हतं.

रेडिओवरून भरलेलं असेल तर आवाज लाटेसारखा वर-खाली होतो. शॉर्टवेव्हची ती खूण. मध्येच अमीन सयानींचा आवाज आला, किंवा आकाशवाणीच्या उर्दू सर्व्हिसची फर्माइश सुरू झाली, तर ते वाक्य शब्दशः उतरवून घ्या. फर्माइश करणाऱ्यांच्या गावांची नावं ऐका. कधी कधी आपलंच गाव निघतं.

माणसांना विचारताना

कॅसेटीचा मालक हयात असेल तर ती वाजवण्याआधी त्याच्याकडं जा. ‘अल्बम आवडला होता का?’ असं विचारू नका, लोक ‘हो, चांगला होता’ म्हणून गप्प होतात. ‘ही कुणी भरून आणली? कुठं वाजायची? घरात कोण नको म्हणायचं?’ असं विचारा. दखनी बोलणाऱ्या घरात दखनीतच विचारा: ‘ये किसके वास्ते भराए थे?’ मग लेबलावरचं अक्षर दाखवा. अक्षर ओळखलं की माणसं बोलायला लागतात: हे आमच्या थोरल्या बहिणीचं, ती बीएडला संभाजीनगरला होती, तिथून आणली होती.

बायकांशी आवर्जून बोला. दुकानात यायची ती पोरं, त्यामुळं असं वाटतं की ऐकणारेही तेच. पण यादी लिहून द्यायच्या बहिणी, भावाच्या हाती चिठ्ठी यायची. मामांच्या दुकानातल्या खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठ्यांत निम्म्याहून जास्त अक्षर मुलींचं असायचं. नाझिया त्यांच्याच वयाची होती, तिचा फोटो पुठ्ठ्यावर होता, आणि गाणं कोणत्याही हिरोसाठी नव्हतं. एका आजींनी, तेव्हाच्या दहावीतल्या, मला सांगितलं की त्या स्वयंपाक करताना हे गाणं म्हणायच्या आणि वडील विचारायचे, ‘काय गायलीस गं हे, शिकवलं कुणी?’ हे त्यांच्याच शब्दांत, परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय. नाव त्यांना नको आहे, म्हणून नाही लिहिलं. तुम्हीही आधी विचारा.

नंतर कॅसेट त्यांच्यासमोर वाजवा आणि गप्प बसा. गाणं चालू असताना जे बोललं जातं ते आधीच्या मुलाखतीपेक्षा नेहमी जास्त असतं.

ठेवणं आणि वाटणं

ही गाणी यूट्यूबवर चढवू नका. आपल्या कायद्यानं रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो, म्हणजे १९८१ च्या अल्बमवर तो २०४१ संपेपर्यंत आहे. लेबलाचे फोटो, गाण्यांचा क्रम, मालकाची आठवण, हे त्यांच्या संमतीनं खुशाल मांडा. संशोधनाला तेच लागतं.

फाइलचं नाव गाव, अंदाजे वर्ष आणि बाजू असं ठेवा, उदाहरणार्थ ‘सेलू-१९८३नंतर-अ’. सोबत एक साधी मजकुराची फाइल: कवचाचा मेक, लेबलावरचा मजकूर जसाच्या तसा, गाण्यांचा क्रम, वेगातला फरक, कुणी भरली, कुठं वाजायची. लेबल आणि डबीचा आतला कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. सगळं दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या घरांत ठेवा.

कॅसेट मालकाला परत द्यायची. पूर्ण एका बाजूला गुंडाळून, डबीत घालून, उभी ठेवायला सांगा, स्पीकरपासून लांब आणि पत्र्याखाली नको, खालच्या खोलीतल्या लाकडी कपाटात. सोबत पेन ड्राइव्हवर दोन्ही प्रती द्या, खरखरीची आणि साफ केलेली. आणि निघताना विचारा, की शेजारच्या घरी, माहेरी, चुलत्याकडं अशी अजून एखादी पेटी आहे का.